तारलीचं पाणी

जबाब
दिनांक २७/११/२०२५, वेळ सकाळी ११.१०

मी, सौ. बकुळा गंगाराम डोर्लेकर, वय ५४ वर्षे, शिक्षण चौथी, धंदा मासळीविक्री, राहणार मिरकरवाडा, रत्नागिरी. समक्ष ठाण्यात हजर राहून सांगते की, वरील पत्त्यावर मी, माझे पती गंगाराम, मुलगा रूपेश वय २९ व सून नेत्रा वय २६ असे एकत्र राहतो. राहत होतो. नेत्रा दि. १९/११ रोजी कोल्हापूर येथे दवाखान्यात मयत झाली.

मला कोणी बोलावलेले नाही, मी माझ्या पायांनी आले आहे. जबाब महिला हवालदार मृणालीबाई लिहून घेत आहेत. मी त्यांना आधीच सांगितले की माझे बोलणे मासळीसारखे खवले काढून, धुऊन लिहू नका, आहे तसे घ्या. त्या म्हणाल्या, जबाबात शिव्या लिहिता येत नाहीत. बरे, शिव्या सोडा आणि बाकीचे लिहा.

रूपेशने दि. १६/११ रोजी रत्नागिरीच्या दवाखान्यात खाटेवर पडून जो जबाब दिला तो मला आज वाचून दाखवला. त्यात आहे की, तो मोटारसायकल भरधाव चालवत होता, वळणावर कुत्रा आडवा आला, त्याने ब्रेक दाबला, गाडी घसरली, आणि पाठीमागे बसलेल्या पत्नीला हेल्मेट द्यायचे त्याच्याकडून राहून गेले. हा जबाब खोटा आहे. कुत्रा नव्हता. त्या चढाला त्याची जुनी गाडी भरधाव जाऊच शकत नाही. आणि हेल्मेट द्यायचे राहिले नव्हते, ते घरात नव्हतेच.

ह्या खोट्या जबाबावरून रूपेशवर बायकोच्या मरणाचा गुन्हा लागला आहे. नेत्राची आई आनंदीबाई मंडणगडहून आली, तिने आमच्या दारात उभे राहून वाडीला ऐकू जाईल असे सांगितले, की जावयाने स्वतःचे डोके राखले आणि माझ्या पोरीला उघड्या डोक्याने बसवली. तेव्हा मी पडवीत होते. मी एक शब्द बोलले नाही. मला ओळखणाऱ्या कोणालाही विचारा, मी गप्प बसते असे कोणी कधी बघितलेले नाही.

आमचा धंदा असा. आमचा स्वतःचा टेम्पो आहे, त्यावर चालक शिवा आहे. बंदरावर मासळी घ्यायची, बर्फ मारायचा, आणि आठवड्यातून चार दिवस लांज्याला नेऊन विकायची. रविवारी माल जास्त. मी शिवाच्या बाजूला केबिनमध्ये बसून जाते. पंधरा वर्षे मी डोक्यावर पाटी घेऊन दारोदार फिरले, नंतरची अकरा वर्षे टेम्पो आहे. माझे पती आधी बोटीवर तांडेल होते, बोट तेच चालवायचे. आता डोळ्याला कमी दिसते म्हणून घरी असतात.

बर्फ वितळला की पाणी होते. सुरमईचे, कोळंबीचे पाणी निदान पाण्यासारखे असते, तारलीचे नसते. तारलीतून तेल उतरते. हाताला लागले तर दोनदा साबण लावला तरी चिकटपणा जात नाही. असे पाणी रस्त्यावर सांडू नये म्हणून टेम्पोखाली टाकी लागते, हा नियम मला माहीत आहे. माहीत नव्हते असे मी म्हणणार नाही. आमच्याकडे टाकी होती. ती गंजली, काढली, आणि परत बसवली नाही.

लांज्याच्या बाजारात पाणी गळले की दुकानदार अंगावर येतात. एकाने माझ्या टोपलीवर बादली ओतली होती. म्हणून पाणी आधीच सोडून जायचे, असे मी ठरवले. ते चढावर सोडायचे, कारण चढावर टेम्पो मागे कलतो, सगळे पाणी मागच्या कोपऱ्यात जमते आणि तिथल्या नळाचा कॉक उघडला की धुतल्यासारखा टेम्पो रिकामा होतो. सपाटीवर अर्धे पाणी आतच राहते. सुरुवातीला शिवा उतरून कॉक उघडायचा. त्यात वेळ जातो म्हणून माझ्या पतींनी कॉकला तार बांधून ती केबिनमध्ये आणली. सीटखाली हात घालून ओढली की मागे पाणी सुटते, गाडी थांबवावी लागत नाही. बोटीवरचा माणूस, दोरी आणि तार हातात आली की त्यांना डोळे लागत नाहीत. त्या तारेचे आम्ही घरात कौतुक केले होते.

पाणी सोडायची जागा ठरलेली. हातखंब्याच्या पुढे, पालीच्या अलीकडे, चिरेखाणीजवळ चढाचे वळण आहे तिथे. झाडी दाट आहे, आठ वाजेपर्यंत तिथे ऊन पोचत नाही. आम्ही एकटेच सोडतो असे नाही. बंदरावर कोणालाही विचारा. नका विचारू, कोणी सांगणार नाही.

त्या वळणावर मोटारसायकलवाले पडतात हे मला माहीत होते. दोन-तीनदा माझ्या डोळ्यांनी बघितले. मी म्हणायचे, वाऱ्यासारखे पळवतात, पडतील नाहीतर काय करतील. एकदा जेवताना नेत्रा म्हणाली होती, "आई, ते पाणी तिथं सोडू नका हो. एक दिवस कोणतरी जाईल." मी म्हटले, "जाईल तो बघून चालवत नसेल. तू भात वाढ." ती भात वाढायला उठली.

नेत्रा मिरजोळ्याच्या वसाहतीत एका कारखान्यात पॅकिंगला होती. रूपेश तिला मोटारसायकलवरून सोडायचा. तिथे गेटवर नियम आहे, मागे बसणाऱ्याच्या डोक्यावरही हेल्मेट नसेल तर आत घेत नाहीत. म्हणून तिने स्वतःचे निळे हेल्मेट घेतले. आत खडूने नव्हे, चांगल्या रंगाने नाव घातले. कारखान्यात कोणी साहेब येऊन त्यांना रस्त्याबद्दल माहिती देऊन गेला होता, तेव्हापासून तिने घरात शाळा सुरू केली. रूपेश आधी हेल्मेट कोपरात अडकवून फिरायचा, पोलीस दिसला की डोक्यावर. तिने त्याची ती सवय मोडली. हनुवटीखालचा पट्टा लावल्याशिवाय ती मागे बसायची नाही. चप्पल घालून गाडी चालवू द्यायची नाही. तो कुरकुरायचा, पण ऐकायचा.

मला हे आवडत नव्हते. मुलगा आपले ऐकत नाही आणि बायकोचे ऐकतो, हे कोणत्या आईला आवडते? मी तिला बोलायचे, "अगो, पंधरा वर्सं मी डोक्यावर टोपली वाहिली, माझं डोकं फुटलं काय? आणि तुला बसल्या जागी टोपलं पायजे." ती हसायची. उलट बोलायची नाही, आणि हेल्मेटही सोडायची नाही.

आता १६ तारखेचे सांगते. रविवार होता, नेत्राला सुट्टी. पहाटे बंदरावर तारली भरली, सोळा क्रेट. साडेपाचच्या सुमारास टेम्पो आमच्या दारासमोर आणला, कारण आदल्या दिवशीची सुरमई घरी पेटीत ठेवली होती ती घ्यायची होती. सुरमईवर नवा बर्फ मारायचा तर घमेले सापडेना. ते बंदरावरच राहिले असणार. मी शिवाला शिव्या घातल्या, शिवाने मला काकी काकी केले. पडवीत खुंटीवर नेत्राचे हेल्मेट होते, हाताला आले ते मी उचलले. त्याने बर्फ ओढला, पेटीत मारला. घमेल्यापेक्षा चांगले भरत होते, खोल आहे ना. काम झाले तेव्हा ते तसेच पेटीत बर्फावर ठेवले, वरून झाकण लावले आणि पेटी टेम्पोत चढवली. घरातली सगळी झोपलेली होती. पावणेसहाला आम्ही निघालो.

हातखंब्याला सवासहाला चहासाठी थांबलो. तिथे मला आठवले की वजनाचा काटा स्वयंपाकघरात चार्जिंगला लावला तो तसाच राहिला. मी रूपेशला फोन लावला. सांगितले, "बाबू, काटा ऱ्हायला. घेऊन ये लांज्याला. मागं बांधू नको, गेल्या टायमाला बांधलास तो फुटला. नेत्राला बसव, ती मांडीवर धरील." तो म्हणाला, "आये, तिला एक दिवस झोपू दे गो. मी पोटाशी बांधून आणतो." मी म्हटले, "झोपा काढायला आणली काय तिला? उठव."

हे मी आपणाला कशासाठी सांगते, तर तिने तो काटा दोन्ही हातांनी धरला होता. गाडी घसरली तेव्हा धरायला तिला हात मोकळा नव्हता. काटा फोडू नका हे माझे सांगणे तिने पाळले असणार, ती तशीच होती.

चहा पिऊन आम्ही निघालो आणि चिरेखाणीच्या चढाला लागलो. तेव्हा ६.३२ झाले होते, ही वेळ माझ्या फोनमध्ये आहे, आपण तपासा. नेत्राचा फोन आला. ती म्हणाली, "आई, माझं हेल्मेट खुंटीवर नाही. तुम्ही बघितलात का?" मी म्हटले, "ते हितं माझ्याजवळ हाय, गाडीत. बर्फाला घेतलं." ती म्हणाली, "बर्फाला? अहो आई, ते डोक्यावर घालतात!" आणि हसली. झोपेतून उठवली होती तरी हसली. मग म्हणाली, "थांबा, शेजारी कोणाचं मिळतं का बघते."

तेवढ्यात शिवाने माझ्याकडे बघून सीटखाली बोट दाखवले. पाणी सोडू काय, असे तो रोज विचारतो. वळण आले होते. मी मानेने हो म्हटले आणि त्याने तार ओढली.

फोनवर मी नेत्राला म्हटले, "आता वाडीभर हेल्मेट शोधत फिरू नको. एक दिवस नाय घातलंस तर डोकं काय गळून पडणार हाय? तशीच ये, गिऱ्हाईक खोळंबेल." ती म्हणाली, "बरं, आई." फोन ठेवला.

माझा मुलगा आणि सून अर्ध्या तासाने ह्याच रस्त्याने, ह्याच वळणावरून येणार आहेत, हे मला ठाऊक होते. मीच त्यांना बोलावले होते. कानाला सून, आणि मान हलवली ती तिच्याच वाटेवर तेल ओतायला. माझ्या डोक्यात काही म्हणजे काही आले नाही. कित्येक वर्षे त्या वळणावर मान हलवते आहे, मानेला सवय झाली होती. हे कारण म्हणून सांगत नाही. कारण म्हणून सांगितले तर मला चपलेने मारा.

सात वाजून दहा मिनिटांनी लांज्याला पोचलो, माल मांडला. काटा नव्हता म्हणून शेजारच्या बाईचा घेतला, तिची कटकट ऐकली. बर्फ मारायला हेल्मेटच वापरत होते. एक गिऱ्हाईक म्हणाले, "मावशी, आता सुरमईला पण हेल्मेटसक्ती?" मी म्हटले, "डोक्यापेक्षा हितंच त्याचा उपेग जास्त." आजूबाजूचे सगळे हसले. मग पावणेआठ झाले तरी दोघांचा पत्ता नाही, तेव्हा मी त्यांच्या नावाने मोठ्याने बोटे मोडली. म्हटले, बसली असतील कुठेतरी चहा ढोसत. आपल्या पंचनाम्यात अपघाताची वेळ ७.०५ लिहिली आहे. म्हणजे मी हे बोलत होते तेव्हा नेत्रा रस्त्यावर पडून चाळीस मिनिटे झाली होती.

७.५० ला रूपेशच्या फोनवरून कोणी अनोळखी माणूस बोलला. माल तसाच टाकून आम्ही परत फिरलो. वळणावर गर्दी होती. जखमींना कोणाच्या तरी गाडीतून रत्नागिरीला नेले होते. मोटारसायकल गटाराच्या कडेला आडवी पडली होती. काट्याचे तुकडे झाले होते. रस्ता काळा आणि चकचकीत दिसत होता, वर कोणीतरी माती टाकली होती. मी टेम्पोतून उतरले आणि दुसऱ्या पावलाला माझा स्वतःचा पाय सटकला. एका माणसाने मला दंडाला धरून सावरले. तो म्हणाला, "जपून मावशी. मासळीवाल्यांनी पाणी सोडलंय, त्यांचं वाटोळं होवो." मग त्याने टेम्पो बघितला आणि माझा दंड सोडला. मी शिवाला म्हटले, गाडी काढ.

दवाखान्यात डॉक्टरने विचारले, "मागे बसलेल्या बाईंना हेल्मेट नव्हतं का?" मी म्हटले, नव्हते. हे माझे पहिले खोटे. हेल्मेट होते. बाहेर टेम्पोत, पेटीत, तिच्या नावासकट होते.

रूपेशचे हेल्मेट तिथे टेबलावर ठेवले होते. डावी बाजू खोबरे किसावे तशी किसली गेली होती आणि मागे तडा होता. डॉक्टर म्हणाले, हे पट्टा लावून घातले होते म्हणून हा आज बोलतो आहे, नाहीतर हा तडा डोक्याला गेला असता. त्याच्या गळ्याचे हाड मोडले, हात सोलला, एवढेच. पट्टा नेत्राने लावायला शिकवला होता. नेत्राच्या अंगावर तर फारसे खरचटलेही नव्हते. नख मोडलेले नव्हते, बांगडी शाबूत होती. उजव्या कानाच्या मागे लिंबाएवढी सूज होती आणि डोळे मिटलेले होते. बाहेरून बघणाऱ्याला वाटावे, कामावरून येऊन झोपली आहे. त्याच दुपारी तिला कोल्हापूरला हलवले. तीन दिवस ती तिथे यंत्रावर होती, नंतर यंत्र काढले.

मी रूपेशजवळ गेले तेव्हा त्याचा कापून काढलेला शर्ट खाटेखाली पडला होता, त्याला वास येत होता. त्याने माझ्याकडे बघितले आणि एकच शब्द बोलला, "तारली." मासळीवाल्याचे पोर आहे. रस्त्यावर पडल्या पडल्या नाकानेच त्याने ओळखले की पाणी कशाचे आहे. आणि त्या दिवशी त्या रस्त्याला तारली फक्त आमच्या टेम्पोत असणार, हे आदल्या रात्री सौदा ठरला तेव्हा त्याला मीच सांगितले होते. मग संध्याकाळी आपल्या ठाण्याचे माणूस आले आणि रूपेशने त्यांना कुत्र्याची गोष्ट सांगितली. मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते. त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही. नेत्राला अग्नी देतानाही नाही. एका हाताने त्याने अग्नी दिला.

दि. १७ रोजी माझ्या पतींनी ती तार कापली आणि घरामागे माडाच्या आळ्यात पुरली. मी विचारले तर म्हणाले, "गेली ती गेली. आता ऱ्हायलेल्यांचं बघायचं." दि. २१ रोजी मासळी वाहतुकीतला आमचा म्होरक्या महिपत घरी आला. आधी डोळे पुसले, मग खुर्ची पुढे ओढली. म्हणाला, "वयनी, झालं ते लय वाईट झालं. पण तोंड आवरा. तुमच्या तोंडून एक शब्द गेला तर उद्या सगळे टेम्पो उभे ऱ्हातील. पोरगा कुत्रा म्हणतो ना, मग कुत्राच." मी त्याला चहा दिला. वास्तविक मी तो चहा त्याच्या डोक्यावर ओतायला हवा होता.

आपण विचारता की तार कोणी ओढली. ओढली शिवाने, सांगितली मी. तो नोकर माणूस आहे, मी सांगितले नसते तर त्याने हातही लावला नसता. त्या दिवसापासून तो कामावर आलेला नाही. त्याला ह्यात ओढू नका.

मी येताना माडाच्या आळ्यातून तार उकरून आणली आहे, ती हजर करते. निळे हेल्मेटही हजर करते. ते मी धुतलेले नाही. आतल्या कापडाला खवले चिकटले आहेत, वास येईल, त्याबद्दल माफ करा. बाहेरून बघाल तर त्यावर एक ओरखडा नाही.

मृणालीबाईंनी मला समजावून सांगितले की, ह्या जबाबाने माझ्यावर व माझ्या पतींवर गुन्हा येऊ शकतो, आणि गाडी रूपेश चालवत होता म्हणून तो लगेच सुटेल असेही नाही. मला ते समजले. त्यांनी विचारले, तुमची तक्रार कोणाविरुद्ध आहे? मी म्हटले, तक्रार राहू दे, एक गोष्ट ठळक लिहा. मयत नेत्रा हिने हेल्मेट मागितले होते. तिने खुंटीवर बघितले, नव्हते म्हणून फोन केला, शेजारी शोधते म्हणाली, आणि तिला मी नको म्हटले. सगळीकडे बोलतात की आजकालच्या पोरी, केस विस्कटतात म्हणून घालत नाहीत. माझ्याच दारात बसायला आलेल्या बायका बोलल्या आणि मी ऐकून घेतले. तिने मागितले होते. तिच्या आईला हे कागदावर दिसले पाहिजे.

इतके दिवस मी गप्प का राहिले, हेही आपण विचारले. खरे सांगते. पहिले काही दिवस मला बरे वाटत होते. हे लिहा, गाळू नका. सून गेली त्याचे दुःख एकीकडे होतेच, पण मुलाने आईला राखले, अजून तो माझा आहे, असे वाटून मला आत कुठेतरी बरे वाटत होते. तो बोलत नाही तर दुःखामुळे बोलत नसेल, असे मी धरून चालले.

काल संध्याकाळी मी त्याला जेवण वाढले आणि म्हटले, "बाबू, माझ्यापायी तू आत जाऊ नको. मी उद्या ठाण्यात जाते आणि खरं काय ते सांगते."

तेव्हा तो दहा दिवसांनी बोलला. ताटावरून मान वर न करता बोलला. तो म्हणाला, "तुला राखायला मी कुत्रा सांगितला असं वाटतं तुला? तू जाशील, सगळं सांगशील, रडशील, सजा भोगशील. म्हंजे तुझं फिटलं. मला ते फिटायला नको हाय. मी जातो आत. तू हितंच ऱ्हा."

तो ताट तसेच ठेवून उठला आणि खोलीत गेला. आज सकाळी निघताना मी त्याच्या दाराबाहेरून सांगितले की मी जाते. आत खाट करकरली. तो जागा होता.

वरील सगळे मृणालीबाईंनी मला सावकाश, मोठ्याने वाचून दाखवले. ते माझ्याच तोंडचे आहे आणि खरे आहे, त्यात भर नाही की कमी नाही. माझ्यावर कोणी दबाव टाकलेला नाही. ह्याची नक्कल मला नको. एक नक्कल मंडणगडला आनंदीबाईंना पाठवा. रूपेशला बोलावून वाचून दाखवाल तेव्हा मला बाहेर बसवा.

सही
बकुळा गंगाराम डोर्लेकर

समक्ष
महिला पोलीस हवालदार